न उडणाऱ्या हेलिकॉप्टरचे अर्थशास्त्र

रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टरच्या प्रतिकृतीचा संच जो विकत घेतो, त्याच्या हाती हेलिकॉप्टर पडत नाही. त्याच्या हाती पडतात त्या क्रमांक घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्यांत दोन-तीन मिलिमीटर जाडीचे स्क्रू, मुगाच्या दाण्याशी स्पर्धा करणारे बेअरिंग, दंतचक्रे, पोलादी दांडे, कार्बन तंतूंची पाती आणि शब्दांपेक्षा चित्रेच अधिक असलेली एक पुस्तिका असते. मोटार, बॅटरी, सर्व्हो, रिसीव्हर आणि हातात धरावयाचा ट्रान्समीटर ही सामग्री पुष्कळदा निराळी घ्यावी लागते. पुस्तिकेतील चित्रांप्रमाणे पिशव्या क्रमाने रिकाम्या केल्या, की तीन-चार संध्याकाळी खपून टेबलावर हेलिकॉप्टरच्या आकाराची एक वस्तू उभी राहते. ती पाहून घरातील माणसे कौतुक करतात. ती उडत मात्र नाही.

छंदाचा खरा आरंभ येथून होतो आणि पुष्कळांच्या बाबतीत त्याचा शेवटही येथेच होतो. यंत्र जमिनीवर थरथरते, शेपटी गरकन फिरवते, एका अंगावर कलंडते आणि पाती मोडून घेते. नवी पाती मागवावयाची तर मुंबई-पुण्याकडे पाहावे लागते, आणि काही सुटे भाग समुद्रापलीकडून येतात. वडिलांचे पैसे मातीत गेले, असा निकाल घरात लागतो व पेटी माळ्यावर जाते.

हा सारा खटाटोप म्हणजे पैसेवाल्यांच्या मुलांची करमणूक आहे, असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. केळी, ऊस आणि कापूस यांवर जगणाऱ्या फैजपूरसारख्या गावी तर ते अधिकच सोपे. परंतु यावल-रावेर पट्ट्यातील ज्या शेतकऱ्याला केळीवरच्या करप्याशी झुंजावे लागते, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न तितका दूरचा राहिलेला नाही. करपा हा पानांवरचा बुरशीजन्य रोग. झाड माणसाच्या डोक्यावरून कितीतरी उंच, आणि फवारणी करणारा मजूर खाली. पाठीवरच्या पंपाने वर मारलेले औषध पानावर किती पडते आणि मजुराच्या अंगावर किती, याचा विचार केला म्हणजे वरून फवारणी करणाऱ्या यंत्राचे आकर्षण शेतकऱ्याला का वाटते हे वेगळे सांगावे लागत नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेतील केळीच्या मळ्यांवर याच रोगासाठी विमानांनी फवारणी होत आली आहे. जपानमध्ये यामाहा कंपनीने १९८७ साली आर-५० हे मानवरहित हेलिकॉप्टर भातशेतीच्या फवारणीसाठी बाजारात आणले. छंदिष्टाच्या टेबलावरील हेलिकॉप्टरचे ते थोरले भावंडच होते. आपल्याकडे हे काम आता बहुपंखी ड्रोनकडून करून घेण्याचा प्रयत्न चालू आहे. तेव्हा प्रश्न असा, की या यंत्रांशी खानदेशचे नाते केवळ गिऱ्हाइकाचे राहणार, की ते बिघडले असता कोठे हात घालावा हे जाणणाऱ्याचेही होणार? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर न उडणाऱ्या त्या छोट्या हेलिकॉप्टरकडे जरा बारकाईने पाहावे लागेल.

एका ग्रॅमचा हिशेब

हेलिकॉप्टर हे मुळातच भांडखोर यंत्र आहे. मुख्य पंखा एका दिशेने फिरू लागला, की सांगाडा त्याच्या उलट फिरू पाहतो. त्याला थोपविण्यासाठी शेपटीला दुसरा पंखा लावावा लागतो. वर जावयाचे तर सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी वाढला पाहिजे. पुढे जावयाचे तर प्रत्येक पात्याचा कोन एका फेऱ्यात एकदा वाढला आणि एकदा घटला पाहिजे, आणि तोही नेमक्या ठिकाणी. ही किमया ज्या भागाने साधते, त्याला स्वॉशप्लेट म्हणतात. एकावर एक बसविलेल्या दोन कड्या, मध्ये बेअरिंग. खालची कडी स्थिर, वरची पंख्याबरोबर फिरणारी. खालची कडी तीन सर्व्होंनी उचलली की दोन्ही पात्यांचा कोन वाढतो, तिरपी केली की यंत्र त्या बाजूला झुकते. त्यातही आणखी एक गंमत आहे. भोवऱ्याच्या नियमानुसार फिरत्या पंख्यावर केलेल्या बळाचा परिणाम सुमारे पाव फेरा उलटून गेल्यावर दिसतो. म्हणजे यंत्र पुढे झुकवावयाचे असेल तर जोर बाजूला असताना लावावा लागतो. संच आखणाऱ्याने ही काळजी आधीच घेतलेली असते. पण जोडणाऱ्याने कड्या आणि दुवे चुकीच्या खुंटीला अडकविले, तर पुढे जाण्याचा हुकूम मिळालेले हेलिकॉप्टर निमूटपणे बाजूला जाते.

या यंत्रात क्षुल्लक असे काही नसते. पाऊण मीटरहून थोडा कमी व्यासाचा मुख्य पंखा मिनिटाला अडीच हजार फेरे घेतो असे धरले, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. तीस ग्रॅम वजनाचे एक पाते त्या वेगात साधारण ३५ ते ४० किलो वजनाइतक्या ओढीने बाहेर पळू पाहते. दोन पात्यांच्या टोकाशी अवघ्या एका ग्रॅमचा फरक राहिला, तर सुमारे अडीच किलोचा धक्का सेकंदाला चाळीस वेळा सांगाड्याला बसतो. सोनाराच्या तराजूची आठवण व्हावी इतक्या काळजीने पाती का तोलावयाची, हे या आकड्यांवरून कळते. हलक्या पात्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावून तोल साधावयाचा, आणि तरीही थरथर उरली तर दांडा वाकलेला नाही ना ते काचेवर लोळवून पाहावयाचे. जेथे धातूच्या भोकात धातूचा स्क्रू बसतो, तेथे स्क्रू पकडून ठेवणाऱ्या द्रवाचा एक थेंब लावावयाचा, कारण थरथरीने स्क्रू सुटतो. प्लॅस्टिकमध्ये मात्र तो लावावयाचा नाही, कारण तो काही जातींचे प्लॅस्टिक खातो. मोटारीचे लहान दंतचक्र मोठ्याला किती भिडवावयाचे? मध्ये साध्या कागदाची पट्टी घालून दोन्ही दाबून आवळावयाची आणि मग पट्टी ओढून काढावयाची. उरते ती फट बरोबर. पुस्तिकेत या गोष्टींना एखाद-दुसरी ओळ मिळते. यंत्राचे आयुष्य मात्र त्यांवर अवलंबून असते.

आता दुरुस्तीकडे वळू. समजा, यंत्र जमिनीवरून वीतभर उचलले गेले आणि शेपटी डावी-उजवीकडे झपाझप हलू लागली. शेपटी स्थिर ठेवण्याचे काम गायरो नावाचा संवेदक करतो. त्याची संवेदनशीलता गरजेपेक्षा अधिक ठेवली, तर तो प्रत्येक चूक जास्तच दुरुस्त करतो व शेपटी वळवळते. पण नेमके हेच लक्षण शेपटीच्या पंख्याकडे जाणारा दुवा कोठे अडकत असेल तरी दिसते; त्या दुव्यात खुळखुळ असेल तरी दिसते; शेपटीचा पट्टा ढिला असेल तरीही दिसू शकते. लक्षण एक, कारणे चार. नवशिका काय करतो? तो गायरोची कळ फिरवितो, पट्टा ताणतो, दुवा बदलतो, हे सर्व एकाच संध्याकाळी. दैवाने यंत्र सुधारले तरी ते कशाने सुधारले हे त्याला कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा पहिल्याच पायरीवर उभा असतो. जाणता छंदिष्ट एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तिचा परिणाम पाहतो, वहीत टिपतो आणि मगच दुसरीला हात लावतो. थरथर कोणत्या जातीची आहे हेही तो ऐकतो. शेपटीचा पंखा मुख्य पंख्याच्या चार-साडेचार पट वेगाने फिरत असल्याने बारीक, झिणझिणी आणणारी थरथर बहुधा तिकडून येते; जाड, डोलणारी थरथर मुख्य पंख्याकडून. दोन पाती एकाच पातळीत फिरत नसतील तर एका पात्याला रंगीत पट्टी लावून दुरून पाहतात, आणि उंच चालणाऱ्या पात्याचा दुवा अर्धा फेरा फिरवून कमी करतात.

पहिल्या उड्डाणाआधीच्या तपासण्या तर याहून कडक. सर्व जुळवाजुळव करताना मोटारीच्या तारा काढून ठेवावयाच्या आणि पाती चढवावयाचीच नाहीत, कारण चुकून मोटार फिरली तर बोटे जातात. यंत्र हातात धरून शेपटी एका बाजूला वळवावयाची आणि शेपटीचा सर्व्हो ती परत आणण्याच्या दिशेने हलतो की उलट, ते पाहावयाचे. तो उलट हलत असेल तर उचलताक्षणी यंत्र भिंगरीसारखे फिरेल. ट्रान्समीटर बंद पडल्यास मोटार आपोआप थांबते की नाही, हेही जमिनीवरच पाहून घ्यावयाचे. खानदेशातील वाचकाने त्यात आणखी दोन गोष्टींची भर घालावी. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, तेव्हा हवेची घनता १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्क्यांनी कमी झालेली असते. पुस्तिकेतील आकडे थंड देशांतल्या हवेत ठरलेले असतील, तर यंत्र येथे सुस्त वाटणे हा बिघाड नव्हे. दुसरे म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी. तिच्या एका घटाचा दाब भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो, आणि तो तीन व्होल्टच्या खाली जाऊ दिला तर ती कायमची दुखावते. उन्हात तापलेली, फुगलेली बॅटरी पाहरा न ठेवता भारणीला लावणे म्हणजे घराला आग लावण्याची पूर्वतयारी होय.

कोठारातील बारा वर्षे

ही छोटी यंत्रे मोठ्या यंत्रांची नक्कल म्हणून जन्मली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास काहीसा उलटा आहे. आर्थर यंग हा अमेरिकन तरुण १९२७ साली प्रिन्स्टन विद्यापीठातून गणित शिकून बाहेर पडला आणि त्याने हेलिकॉप्टरच्या स्थिरतेचा प्रश्न हाती घेतला. त्याच्यापाशी कारखाना नव्हता. पुढे पेनसिल्व्हेनियातील एका कोठारात तो लहान प्रतिकृती बनवून उडवीत राहिला. त्या पडत, मोडत. तो त्या पुन्हा बांधीत असे. सुमारे बारा वर्षांच्या या उद्योगातून त्याला पात्यांना काटकोनात बसविलेली, दोन्ही टोकांना वजने असलेली एक दांडी सापडली. ही दांडी आपली फिरण्याची पातळी सहजी सोडत नाही, आणि पंखा कलला की दुव्यांमार्फत पात्यांचा कोन बदलून त्याला ताळ्यावर आणते. १९४१ मध्ये ही प्रतिकृती दाखवून तो बेल कंपनीत गेला. ८ मार्च १९४६ रोजी बेल-४७ या हेलिकॉप्टरला अमेरिकेत नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळाले. नागरी हेलिकॉप्टरला मिळालेले ते पहिले. पुढे जर्मनीत डीटर श्ल्यूटर या अभियंत्याने १९६८ ते १९७० या काळात रेडिओवर चालणारे, खरोखर ताब्यात राहणारे लहान हेलिकॉप्टर घडविले आणि छंदिष्टांच्या बाजारात संच येऊ लागले. त्यांत फ्लायबार नावाची जी दांडी दीर्घकाळ दिसे, ती यंगच्या दांडीच्याच कुळातली. गेल्या काही वर्षांत तिची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकांनी घेतली आहे.

यंगची खरी हुशारी त्या दांडीत होती, तशीच ती आणखी एका निर्णयात होती. चुका करण्याची जागा त्याने स्वस्त निवडली. प्रतिकृती कोसळली तर लाकूड आणि तार मोडते. माणूस मोडत नाही. बेल कंपनीत मोठे यंत्र तयार झाले तेव्हाही ते प्रथम दोरांनी जमिनीला बांधून उचलण्यात आले होते.

याच्या शेजारी महाराष्ट्रातील एक घटना ठेवून पाहावी लागते, आणि ती लिहिताना लेखणी अडखळते. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी या गावी पत्र्याची कामे करणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या हातांनी एका माणसाचे हेलिकॉप्टर बांधले होते. शालेय शिक्षण अपुरे, हाताला मात्र विलक्षण कसब. १५ ऑगस्टला ते लोकांपुढे आणण्याचा त्याचा विचार होता. ऑगस्ट २०२१ मध्ये, त्या दिवसाला थोडे दिवस उरले असताना, रात्री जमिनीवरच चाचणी घेताना शेपटीच्या पंख्याचे पाते तुटले, ते मुख्य पंख्यावर आदळले आणि मुख्य पंख्याचा घाव त्या तरुणाला लागला. तो वाचला नाही.

वृत्तपत्रांनी त्याला एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातील नायकाची उपमा दिली. उपमा देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु ग्रामीण संशोधकांचे छायाचित्र छापून त्यांच्या जुगाडाची वाहवा करण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिच्यात एक क्रूरपणा दडलेला आहे, हे म्हणणे भाग आहे. वाहवा यंत्र पूर्ण झाल्यावर होते; तपासणीला कोणी येत नाही. पाते कोणत्या ओढीने बाहेर पळू पाहते याचा हिशेब त्या तरुणाला कोणी मांडून दाखविला असता, प्रथम हातभर लांबीचे यंत्र बांध आणि ते मोडू दे असे कोणी सांगितले असते, चाचणीच्या वेळी पंख्याच्या पातळीत उभे राहू नको, आडोसा घे, असे बजावणारा एक तरी अनुभवी माणूस तेथे असता, तर काय झाले असते हे आज सांगता येणार नाही. एवढे खरे, की जे ज्ञान त्याच्यापाशी नव्हते ते दुर्मीळ नव्हते. दोन-चारशे रुपयांच्या पात्यांवर ते शिकता येते. ते त्याच्या गावापर्यंत पोचण्याची वाट मात्र कोणी बांधलेली नव्हती. जुगाडाने नांगर चालतो, पंप चालतो. फिरत्या पंख्याशी जुगाड चालत नाही. कडक केलेल्या पोलादाच्या दांड्याऐवजी लेथवर उतरविलेला साधा गज बसविला, तर तो पहिल्या फेऱ्यात नव्हे, पन्नासाव्या उड्डाणात दगा देतो.

शिक्षणसंस्थांना याचा काही भार उचलता येण्यासारखा होता व आहे. फैजपूरला धनाजी नाना महाविद्यालय आहे; जे. टी. महाजन अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जवळच भुसावळला रेल्वेच्या विद्युत इंजिनांचा कारखाना आहे, आणि लोखंडाशी पिढ्यान्‌पिढ्या बोलणारे फिटर या मुलखात आहेत. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानप्रतिकृती बांधण्याचे शिक्षण दिले जाते व त्याच्या स्पर्धाही होतात. म्हणजे साधनांचा सर्वस्वी अभाव आहे असे नाही. अडचण निराळी आहे. आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यापुढे नेहमी चालू यंत्र ठेवले जाते. त्याने ठरलेली मापे घ्यावयाची, ठरलेला आलेख काढावयाचा आणि जर्नल पूर्ण करावयाचे. बंद पडलेले यंत्र पुढे ठेवून ‘यात काय बिघडले आहे ते शोधा’ असे सहसा कोणी म्हणत नाही. कारण त्याचे गुण कसे द्यावयाचे, हे परीक्षकालाही ठाऊक नसते. विद्यार्थी पदवीधर होतो तेव्हा त्याने शेकडो प्रयोग केलेले असतात, पण एकही बिघाड शोधलेला नसतो.

ड्रोनचा कायदा आणि सुटे भाग

आता ड्रोनकडे येऊ. बहुपंखी ड्रोनात स्वॉशप्लेट नाही, पात्यांचे बदलते कोन नाहीत. चार, सहा किंवा आठ मोटारी. प्रत्येकीवर घट्ट बसविलेला पंखा. आणि कोणत्या मोटारीने किती वेगाने फिरावे हे क्षणाक्षणाला ठरविणारा एक बंद डबा. यंत्राची गुंतागुंत संपलेली नाही, ती केवळ डोळ्यांआड गेली आहे. हेलिकॉप्टरचा दोष बोटांना लागतो, कानांना ऐकू येतो. ड्रोनचा दोष पुष्कळदा त्या डब्यातील आज्ञावलीत, होकायंत्राच्या जुळणीत किंवा एखाद्या सैल जोडणीत असतो. ज्याने आधी दिसणारे दोष शोधण्याची सवय लावून घेतली आहे, त्यालाच न दिसणारे दोष शोधण्याची हिंमत होते. बाकीचे यंत्र गाडीत घालून कंपनीकडे पाठवितात आणि फवारणीचा आठवडा निघून जातो. करपा कंपनीच्या तंत्रज्ञाची वाट पाहत नाही.

सरकारी धोरण या बाबतीत सर्वस्वी आंधळे आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी पूर्वीचा जाच बराच कमी केला. शिक्षण, संशोधन अथवा करमणूक यांसाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींना त्यांत निराळे स्थान देऊन प्रकार-प्रमाणपत्राच्या अटीतून मोकळे केले. पुढे ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या अधिसूचनेची शब्दरचना मुद्दाम पाहावी. बंदी केवळ तयार ड्रोनवर नव्हती. पूर्ण सुटा किंवा अर्धवट सुटा करून आणलेल्या संचावरही होती. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन यांचे अपवाद ठेवले होते, आणि सुट्या भागांची आयात मात्र परवान्याविना मोकळी ठेवली होती. संच म्हणजे दुसऱ्याने आखलेले यंत्र. सुटे भाग म्हणजे आपण आखावयाच्या यंत्राचा कच्चा माल, असा हा विचार. तो चुकीचा नाही. पण सुट्या भागांचा ढीग समोर ठेवला म्हणजे आखणी आपोआप सुचत नाही. संच जोडता-मोडताना जी समज येते, ती त्या दोहोंमधली पायरी आहे. पायरी गाळून उडी मारणारा एखादा निघतोही. सारा तालुका निघत नाही.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी १,२६१ कोटी रुपये, १५,००० गट, आणि किमतीच्या ८० टक्के, कमाल आठ लाख रुपयांपर्यंत साहाय्य, असे तिचे स्वरूप. ड्रोन चालविणाऱ्या महिलेला पंधरा दिवसांचे शिक्षण, आणि विजेच्या वस्तूंची दुरुस्ती किंवा फिटिंगची आवड असलेल्या गटातील अथवा कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीला सहायक तंत्रज्ञ म्हणून तयार करण्याची तरतूदही तीत होती. ही तरतूद ज्याने लिहिली त्याला यंत्राचा स्वभाव कळलेला होता. तथापि योजनेचे यश मोजताना किती ड्रोन वाटले हा आकडा पुढे येतो. किती ड्रोन गावातच दुरुस्त झाले हा आकडा मागण्याची पद्धत आपल्याकडे नाही. अनुदान खरेदीला मिळते. दुरुस्ती हा ज्याचा त्याचा खर्च. अशा व्यवस्थेत नवे यंत्र घेणे स्वस्त व जुने जगविणे महाग ठरते, आणि शेतकरी त्याप्रमाणे वागला तर त्याला दोष देता येत नाही.

विमानाच्या धंद्यात हा हिशेब फार पूर्वी मांडला गेला होता. टी. पी. राइट या अमेरिकन अभियंत्याने १९३६ साली विमानांच्या खर्चावर एक निबंध प्रसिद्ध केला. बांधलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली, की एका विमानामागे लागणारे श्रम सुमारे २० टक्क्यांनी घटतात, असे त्याला आढळले. माणसे तीच, हत्यारे तीच. फरक पडला तो हातांना झालेल्या सरावाचा. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये याच निरीक्षणाचा आधार घेऊन सिद्धान्त मांडला, की काम करता करता येणारे ज्ञान हेही उत्पादनाचे साधन आहे. या सिद्धान्ताची दुसरी बाजू आपल्याकडे कमी शिकविली जाते. काम ज्याच्या हातून होते, ज्ञान त्याच्याच गावी साठते. यंत्र दुसरीकडे जुळले आणि दुसरीकडे दुरुस्त झाले, तर फैजपूरच्या वाट्याला त्याचे भाडे भरणे तेवढे येते.

राइटचा निबंध ज्या वर्षी प्रसिद्ध झाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, बांबूंनी उभारलेल्या नगराची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती आणि खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन हे अधिवेशनाचे महत्त्वाचे अंग होते. त्या प्रदर्शनाची आठवण येथे निघते ती भावुकपणाने नव्हे. चरखा म्हटला की यंत्राला विरोध, असे समीकरण पाठ्यपुस्तकांनी रूढ केले आहे. वस्तुतः अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते, आणि त्याच्या अटी एखाद्या कसलेल्या अभियंत्याने लिहाव्यात अशा होत्या. यंत्र खेड्यातील झोपडीत हाताने किंवा पायाने चालले पाहिजे. आठ तासांत १६,००० फूट सूत निघाले पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या वर जाता कामा नये. वेळेवर देखभाल केल्यास ते वीस वर्षे टिकले पाहिजे. आणि बदलाव्या लागणाऱ्या भागांचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होता कामा नये. या सर्व अटी पुऱ्या करणारे यंत्र कोणी देऊ शकला नाही व बक्षीस तसेच राहिले. तरी शेवटची अट पाहा. बिघाड होणारच, तो किती रुपयांत आणि कोणाच्या हातून निस्तरला जाईल, हा प्रश्न यंत्र घेण्याआधी विचारलेला आहे. फवारणीच्या ड्रोनांच्या खरेदीत अशी पाच टक्क्यांची अट घालणारी निविदा निघाली, तर किती विक्रेते पुढे येतील?

मोटार भरणारे हात

खानदेशातील बागायत विहिरी आणि कूपनलिका यांच्या जोरावर उभी आहे, आणि विजेचा दाब खालीवर झाला की पंपाची मोटार जळते. ती भरून देणारी दुकाने म्हणूनच या भागात सर्वत्र आहेत. हे कारागीर जळालेली तार उपटून फेकत नाहीत. ते आधी वेढे मोजतात, तारेची जाडी मापतात, जोडण्यांची दिशा कागदावर उतरवून घेतात आणि मगच जुने वेष्टण सोडतात. भरून झाल्यावर सिरीजच्या दिव्यावर लावून पाहिल्याशिवाय मोटार गिऱ्हाइकाला देत नाहीत. एका वेळी एक गोष्ट तपासावी, बदलण्याआधी टिपून ठेवावे, वीज पूर्ण दाबाने सोडण्याआधी कमी धोक्याने पाहावे, हे हेलिकॉप्टरच्या छंदिष्टाचे तिन्ही नियम त्यांच्या हातांत आधीच आहेत. त्यांना गणित ठाऊक नाही आणि महाविद्यालयातील मुलांना हात ठाऊक नाहीत, एवढाच काय तो दुरावा.

एखाद्या महाविद्यालयाने एक मोडका संच, एक मोटार भरणारा कारागीर आणि दहा विद्यार्थी एका टेबलाभोवती महिनाभर बसविले, तर खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मांडवाहून कमी येईल. अट एकच ठेवावी लागेल: यंत्र उडाले की नाही यावर गुण द्यावयाचे नाहीत. गुण द्यावयाचे ते वहीवर. कोणत्या दिवशी काय बिघडले, कशाचा संशय घेतला, काय बदलले, काय फरक पडला, आणि कोणता संशय चुकीचा ठरला. पहिल्या आठवड्याच्या पानांवर बहुतेक संशय चुकीचे निघतील. शेपटी वळवळली की मुले प्रथम गायरोलाच हात लावतील, आणि दुवा खुळखुळत होता हे त्यांच्याआधी त्या कारागिराच्या बोटांना कळेल.